कागदावरचा आकडा

घोंगड्यात गुंडाळून आणलीत, बरं केलंत.
पण त्याआधी पॉलिश पेपर मारलात, डोंगळे,
रविवार धरून, तिघा भावांनी मिळून.
लोखंडावर ती तपकिरी साय होती ना,
ती घाण नव्हती.
शंभर वर्षं बसत आलेली
एका दुपारी उतरवलीत.
निम्मा आकडा तिथंच, मोरीत गेला.

असू दे. चहा घ्या.

पापाच्या तिकटीमागचं हे दुकान आज्यानं टाकलेलं.
शिकलगार आम्ही. तलवारींना धार लावता लावता
बंदुकीला कान लावायला शिकलो.
आधी कान, मग डोळा, पैसा सगळ्यात शेवटी.
म्हणून आधी रिकामी आहे का बघतो,
मग चार बोटं कड्यात घालून
खालचा खटका पुढं ढकलतो, मागं ओढतो.
खट्‌. खळ्ळ.
ऐकलंत?
दाराची जुनी कडी कोयंड्यात बसावी तसा.
आत काही झिजलेलं नाही.

आता नंबर. ते भिंग द्या इकडं.
शेवटचा आकडा तुम्ही अर्धा पुसलाय,
पाच धरला तर एक साल, सहा धरला तर दुसरंच.
नळी अष्टकोनी, पण कोपरे
वापरलेल्या साबणासारखे झालेत.
स्क्रूच्या खाचा मात्र सरळ,
म्हणजे तुमच्या आधी कुणी अडाण्यानं हात लावला नाही.
रागावू नका.

आणि ह्या चिठ्ठ्या. दोऱ्यात ओवलेल्या,
दर निवडणुकीला ठाण्यात जमा, निकालानंतर परत.
एकोणीस भरल्या.
बाजारात बैलाचे दात बघतात
तशा मी ह्या बघतो.
पहिलीवरची शाई चहासारखी झालीय,
शेवटची छापील, तिच्यावर थोरल्याचं नाव.
परवाना एकाचा, बंदूक तिघांची.
शेत वाटलं, गोठा वाटला, दुधाचा टँकर मधल्याकडं गेला,
ही तेवढी कापता येईना.

तुम्ही म्हणता आज्यानं हिनं वाघ मारला,
दाजीपूरच्या रानात,
साहेब मचाणावर थरथरत असताना.
नळीत उजेड टाकतो.
आटे कोवळे आहेत. फार तर पन्नास गोळ्या,
त्याही अंतराअंतरानं.
पण नळीखालचं हे लाकूड बघा.
इथं तुमचा पेपर पोचला नाही.
दस्ता खांद्याला टेकतो तिथं झीज नाही,
तोल सापडतो तिथं आहे.
एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा.

ही चालवणाऱ्याची झीज नव्हे.
ही वाहणाऱ्याची.
साहेबामागं तीन पावलं, तोंड जमिनीकडं धरून,
हात मागं आला की द्यायची,
गरम परत आली की सांभाळायची.
अक्रोडाचं लाकूड आहे. ते इतकं खचायला
वीस हंगाम तरी चढावर चालावं लागतं.

थोरला बशी खाली ठेवतो.
"मग वाघ मारला कुणी?" मधला विचारतो.
ते ही सांगत नाही, म्हणतो मी.
धाकटा काही बोलत नाही.
खळग्यात आपली बोटं बसवून बघतो.
बसतात.
अंगठा जरा पुढं जातो.

मी कागद ओढतो.
तिघांत सोपा भागावा असा आकडा
डोक्यात आधीच आहे.
नळी: मूळची. नंबर: अस्पष्ट. पृष्ठभाग: घासलेला.
लाकूड:
इथं पेन थांबतं.
गिऱ्हाईक परगावचं असतं
तर "खराब" लिहून मोकळा झालो असतो.

"हे खड्डं भरून मिळतील काय ओ?" थोरला.
मिळतील. लाख आणि भुसा. दोन दिवस.
"मग आकडा वाढंल?"
वाढेल थोडा.

बाहेर कुणीतरी नवी चप्पल घालून
करकर चालून बघतंय, पुढं, मागं, पुन्हा पुढं.
धाकट्याचा हात
अजून लाकडावरच आहे.